बत्तिसावी पिशवी

प्रमाणपत्रावर माझं नाव बरोबर लिहिलेलं होतं, आणि पुण्यातल्या कुठल्याही मंडळाच्या प्रमाणपत्रावर नाव बरोबर असणं ही तशी दुर्मीळच गोष्ट, म्हणून रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी ते पुन्हा एकदा वाचायला घेतलं. श्री. आमोद गद्रे, रक्तदान क्रमांक बत्तीस. खाली मंडळाच्या अध्यक्षांची, म्हणजे आमच्या साईनाथची, झोकदार सही, आणि सहीच्या खाली बारीक लाल अक्षरांत एक ओळ: आपल्या एका पिशवीमुळे तीन जीव वाचतात. ही ओळ मी याआधी एकतीस वेळा वाचलेली असणार. त्या दुपारी मात्र ‘तीन’ या शब्दाशी मी अडकलो आणि हातातली बडीशेप तोंडात टाकायची राहून गेली. सकाळी साडेदहाला शिबिरातल्या खाटेवर आडवा झालो तेव्हा माझ्या डोक्यात एकच माणूस होता, आणि तो मी होतो. मी रक्त द्यायला गेलोच नव्हतो. मी ते तपासून घ्यायला गेलो होतो. आपलं रक्त कुणाच्या तरी अंगात जाणार आहे ही गोष्ट, खरं सांगतो, त्या बारा दिवसांत एकदाही माझ्या मनाला शिवली नव्हती. खोटं वाटेल, पण घाबरलेला माणूस किती आप्पलपोटा होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी प्रमाणपत्र टेबलावर पालथं घातलं आणि बराच वेळ धनकवडीच्या त्या दोन खोल्यांत उगाच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिलो.

बारा दिवसांपूर्वी मी इचलकरंजीत होतो. पर्वतीच्या पायथ्याशी एका लहान प्रयोगशाळेत मी मापयंत्रं तपासण्याचं काम करतो. कारखान्यांतले वजनकाटे, तापमापकं, दाब मोजायची घड्याळं खरी बोलतात की खोटं, आणि खोटं बोलत असतील तर किती, हे ठरवून आम्ही दाखला देतो. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे माझा कशावरच चटकन विश्वास बसत नाही, आणि म्हणूनच माझं लग्न झालं नाही असं लोक म्हणतात. खरं कारण आई. तिला अर्धांगवायू झाला तेव्हा मी चौतिसाचा होतो, ती गेली तेव्हा पंचेचाळिसाचा. मधली अकरा वर्षं कुठे गेली हे कुणी विचारलं तर तिच्या गोळ्यांच्या वेळा सांगण्यापलीकडे मला काही सांगता येत नाही. ती गेल्यावर पहिले काही महिने लोक भेटायला येत, मग फोन करत, मग सणाला निरोप पाठवत, आणि शेवटी तेही थांबलं. त्यात कुणाची चूक नव्हती. मला शनिवार-रविवारची भीती वाटायला लागली होती. शुक्रवारी संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप लागलं की सोमवारी सकाळपर्यंत दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलायची वेळ येत नसे, आणि दूधवाला कामापुरतं बोलणारा होता. इचलकरंजीच्या लॉजवर मॅनेजरनं हळूच विचारलं, ‘साहेब, कंपनी पायजे का?’, तेव्हा मी हो म्हणालो. आयुष्यभर असल्या प्रश्नाला नाही म्हणत आलेला माणूस एका मंगळवारी हो का म्हणतो, याचं मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

तिनं नाव हिरा सांगितलं. खरं असेल किंवा नसेल. चाळिशीच्या आसपासची, अंगावर साधी सुती साडी, आणि आल्याआल्या तिनं पहिलं विचारलं ते ‘जेवलासा का?’ मी जेवलो नव्हतो. तिनं खाली सांगून भाकरी आणि पिठलं मागवलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. घरात कोण हाय, असं तिनं विचारलं. कोणी नाही, म्हणालो. ‘मग बोलतासा कुणाशी?’ या प्रश्नावर मी हातातला घास ताटात ठेवला. मग मी दोन तास बोललो. आईचं बोललो, तिच्या पाठीला झालेल्या जखमांचं, शेवटच्या महिन्यात ती मला ‘अहो’ म्हणायला लागली होती त्याचं. माझ्या सख्ख्या मामालाही मी हे सांगितलं नव्हतं. बाकी जे झालं ते त्या मानानं थोडकं होतं. सावधगिरीचं साधन तिच्याचजवळ होतं, तिनं ते पुढे केलं, आणि माझ्या सत्तेचाळीस वर्षांच्या अडाणीपणानं ते फाटलं. ते कळायलाही मला वेळ लागला, तिला आधी कळलं. तिनं आरडाओरडा केला नाही. म्हणाली, ‘मी दर म्हैन्याला तपासून घेते, तरी पण उद्याच्या उद्या सरकारी दवाखान्यात जावा. गोळ्या असत्यात. लाजू नगासा.’ इतकं सरळ, इतकं उपयोगी आजवर मला कुणी सांगितलं नसेल. मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही गेलो नाही. एचआयव्हीची लागण टाळायच्या त्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या असतात हे मी चौथ्या दिवशी मोबाइलवर वाचलं.

न जाण्याची कारणं माझ्याजवळ तयार होती, ती नेहमीच असतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त ठेवतात, पण समोर बसवून प्रश्न विचारतात. तिथल्या बाईंपुढे बसून मी काय सांगणार, या विचारानंच माझे कान तापायचे. शिवाय हे शहर वाढलं असं सगळे म्हणतात, पण ज्याला लपायचं असतं त्याच्यासाठी पुणं अजून तीन पेठांएवढंच आहे. रांगेत कुणाची तरी सून, कुणाचा तरी साडू उभा असतोच. कोपऱ्यावरची खासगी लॅब माझ्या शाळेतल्या बाकावरच्या मित्राची. ‘काय रे गद्र्या, लग्नबिग्न ठरलं की काय?’ असं त्यानं चारचौघांत विचारलं असतं आणि वर त्याला तो विनोद वाटला असता. तेव्हा साईनाथचा फोन आला. दरवर्षीप्रमाणे मंडळाचं शिबिर, तुमच्याशिवाय नारळ फोडत नाही, वगैरे. आणि मला एकदम वाट दिसली. शिबिरात दिलेलं रक्त रक्तपेढी तपासतेच. काही सापडलं तर ते गुपचूप फोन करून बोलावतात. नाही सापडलं तर काहीच करत नाहीत. म्हणजे कुणापुढे तोंड न उघडता, उलट चारचौघांत पाठीवर थाप घेऊन, माझी तपासणी होणार होती. एका दगडात दोन पक्षी म्हणतात तसं. ही युक्ती सुचल्यावर मी स्वतःवर खूश झालो होतो, हे आता लिहितानाही मला लाज वाटते.

ते बारा दिवस मी माझ्या शरीराकडे जेवढं पाहिलं तेवढं त्याआधी सत्तेचाळीस वर्षांत पाहिलं नसेल. पाचव्या दिवशी जिभेवर पांढरा थर दिसला. मी तो ब्रशनं घासला, औषधी पाण्यानं चुळा भरल्या, दिवसातून दोनदा, मग चारदा, आणि थर वाढतच गेला. सहाव्या दिवशी जबड्याखाली डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. ती आहे की नाही हे पाहायला मी दर तासाला दाबायचो, बसमध्ये, प्रयोगशाळेत, फोनवर बोलताना, आणि दर वेळी ती आदल्या वेळेपेक्षा मोठी वाटायची. आठव्या दिवशी छातीवर लाल पुरळ. पहाटे मानेखालची उशी दमट लागली तेव्हा मी उठून खिडकी उघडली, बाहेर फेब्रुवारीतली गार हवा होती, आणि अशा हवेत माणसाला घाम का यावा याचा विचार करत चहाशिवाय बसून राहिलो. ताप मोजायला मी प्रयोगशाळेतून तीन तापमापकं घरी आणली होती, तिन्ही माझ्याच हातानं दाखला दिलेली. एक सदतीस पूर्णांक एक दाखवायचं, दुसरं सदतीस पूर्णांक दोन, तिसरं पुन्हा एक. एवढा फरक यंत्रात धरायचाच असतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगतो. घरी मात्र तिन्हींतलं सर्वांत मोठा आकडा दाखवणारं तेवढं खरं मानायचो. मोबाइलवर वाचावं तर प्रत्येक लक्षण माझ्यात सापडायचं, आणि जे सापडायचं नाही ते संध्याकाळपर्यंत सुरू व्हायचं. आईच्या आजारात मी तिच्या अंगावरचा प्रत्येक डाग ओळखत असे आणि डॉक्टर माझं कौतुक करत. स्वतःच्या बाबतीत ती विद्या उलटली. कुणी शेजारी बसून ‘काही नाही रे’ एवढं म्हटलं असतं तरी निम्मं दुखणं गेलं असतं, पण म्हणणार कोण, आणि मी कुणाला म्हणू दिलं असतं?

शिबिरात एक फॉर्म भरून घेतात. त्यात विचारलेलंच असतं की अलीकडे असा काही संबंध आला आहे का, ज्यातून लागण होऊ शकते. मी आजवर ज्या वेगानं त्या चौकटीत ‘नाही’वर खूण करत आलो त्याच वेगानं याही वेळी केली. हात अडखळला नाही, कारण लोक बघत होते. साईनाथ शेजारी उभा राहून कुणाला तरी सांगत होता की आमोददादांसारखे दाते म्हणजे मंडळाची श्रीमंती, आणि मी कसनुसा हसत होतो. रक्तपेढीच्या मुलीनं सुई टोचली, पिशवी भरत आली, आणि मी डोळे मिटून मनात म्हणत होतो, होऊन जाऊ दे एकदाचा निकाल. मग बिस्किटं, कॉफी, स्टीलचा डबा, प्रमाणपत्र. घरी आलो, भात-आमटी केली, जेवलो. किती दिवसांनी पोटभर जेवलो. आणि मग ती लाल ओळ.

रविवारची ती संध्याकाळ मी वाचत बसलो. नवीन लागण झाली असेल तर पहिले काही दिवस ती तपासणीतही सापडत नाही, हे मी आधीही वाचलं होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ माझ्यापुरता होता: निकाल चांगला आला तरी भीती संपणार नाही, पुन्हा कुठेतरी जावं लागेल. आता तेच वाक्य दुसऱ्या बाजूनं वाचलं. न सापडलेलं रक्त चांगलं म्हणून पुढे जातं. एका पिशवीचे तीन भाग करतात, तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स, आणि प्लेटलेट्स पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत म्हणून त्या लगेच देऊन टाकतात. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की कितीतरी वेळात माझा हात मानेच्या गाठीकडे गेला नव्हता. फोन करायला हवा होता. रक्तपेढी रविवारीही चालू असते, नंबर प्रमाणपत्रावरच होता. मी स्वतःला सांगितलं, उद्या सकाळी, जबाबदार माणूस असेल तेव्हा. सोमवारी अकरा वाजता प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात उभा राहून फोन लावला. एका मुलीनं उचलला, ‘नमस्कार, बोला’ म्हणाली. आवाज चांगला होता, घाई नसलेला. रात्रभर घोकलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, कालच्या शिबिरातल्या दात्यांचं कार्ड कधीपर्यंत मिळेल? ती म्हणाली, आठवडाभरात मंडळाकडे पोचेल. मी आभार मानले आणि फोन ठेवला. मग दिवसभर एका साखर कारखान्याचा काटा तपासत बसलो आणि त्यात दोनदा चूक केली.

मंगळवारी सकाळी दहाला मी रक्तपेढीच्या दारात होतो. तिथल्या मुख्य डॉक्टर अस्मिता परचुरे, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ढकललेला, टेबलावर कागदांचे गठ्ठे. मी म्हणालो, रविवारी मी रक्त दिलंय, ते वापरू नका. त्यांनी मला बसायला सांगितलं, दार लोटलं, आणि कधी काय झालं एवढंच विचारलं. मी तारीख सांगितली. त्यांनी फोन उचलून आत कुणाला तरी पिशवीचा क्रमांक सांगितला, ऐकत राहिल्या, ‘दोन्ही बाजूला काढा, टाकून द्यायचं आहे’ म्हणाल्या, आणि मग थोडा वेळ नुसत्याच ऐकत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

‘‘फॉर्म मराठीत होता ना?’’

‘‘हो.’’

‘‘वाचता येतं?’’

‘‘येतं.’’

‘‘तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा आहे इथे. प्लेटलेट्स काल संध्याकाळी सहाला गेल्या. एका पेशंटला.’’

मी काल अकराला फोन केला होता, असं मी म्हणालो. काय विचारलंत, असं त्यांनी विचारलं, आणि मी ते सांगितलं. त्यांनी ते समोरच्या कागदावर नुसतं लिहून घेतलं. त्यांनी मला फैलावर घेतलं असतं तर बरं झालं असतं. अकरा ते सहा, सात तास. त्या सात तासांत एक वाक्य बोलायचं होतं आणि मी कार्डाची चौकशी केली होती. मी विचारलं, कुणाला दिल्या. ते सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. लहान मूल आहे की मोठं माणूस, एवढं तरी सांगा, असं मी म्हणालो तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. ‘‘गद्रे, तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी पेशंटची माहिती देऊ?’’ मग त्याच आवाजात त्यांनी सगळं समजावून सांगितलं. माझ्या पिशवीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. बाराव्या दिवशी नव्या तपासणीत बहुतेक वेळा सापडतं, पण बहुतेक म्हणजे सगळ्या वेळा नव्हे. पेशंटच्या डॉक्टरांना त्या आत्ता कळवणार होत्या, पुढचं ते ठरवतील. माझं रक्त आज तपासायचं, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. तिसरी तपासणी चांगली आली की माझाही प्रश्न मिटला आणि तिकडचाही. ‘‘शंभरात नव्व्याण्णव वेळा काही होत नसतं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण त्या माणसाला शंभरात टाकताना तुम्ही विचारलं नव्हतंत.’’

मी जीभ दाखवली, गाठ दाखवली. कशासाठी दाखवली कोण जाणे, कदाचित मीही भोगतोय हे त्यांना कळावं म्हणून. त्यांनी मान चाचपली. दिवसातून किती वेळा दाबता, असं विचारलं. मी खरा आकडा सांगितला नाही तरी त्या समजल्या. दाबणं बंद करा, चार दिवसांत जाईल. औषधी पाण्याच्या चुळा बंद करा, जीभ साफ होईल. पुरळ पाहून त्यांनी बनियन नवीन आहे का विचारलं, आणि ते न धुता घातलेलं होतं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांमधल्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या बनियनची खाज ओळखता आली नव्हती. एरवी मी हसलो असतो. शेवटी, सुईच्या जागी कापूस दाबून मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, असं का केलंत. मी म्हणालो, मला फक्त तपासून घ्यायचं होतं आणि विचारायला कुणी नव्हतं. ‘‘आम्ही आहोत की,’’ त्या म्हणाल्या, ‘‘इथे रोज कुणीतरी बसलेलं असतं.’’ हे त्या टोमण्यानं म्हणाल्या की मायेनं, मला जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही.

त्या दिवसापासून मला ताप यायचा थांबला. गाठ खरंच चार दिवसांत गेली. पण माझ्या अंगातून उठलेली ती भीती दुसऱ्या एका अंगात जाऊन बसली होती आणि ते अंग मी कधी पाहिलेलं नव्हतं. सकाळी उठल्यावर आरशात जीभ बघायच्या ऐवजी मी मनात विचारायचो, आज कसं आहे? कधी मला डेंग्यूनं आजारी पडलेली शाळकरी मुलगी दिसायची, वेणीला निळी रिबीन. कधी बाळंतपणात फार रक्त गेलेली बाई. कधी माझ्याच वयाचा माणूस, ज्याचा डबा रोज कुणीतरी दवाखान्यात घेऊन येत असेल. स्वारगेटला बस बदलताना हाताच्या पाठीवर कापूस आणि चिकटपट्टी असलेलं कुणी दिसलं की मी त्या माणसाच्या मागच्या सीटवर जाऊन बसायचो. एकदा अशा एका म्हाताऱ्या बाईंच्या मागोमाग मी कात्रजपर्यंत गेलो आणि तिथून परत आलो. पापाची टोचणी होती, ती मी नाकारत नाही. पण त्यात आणखी काहीतरी होतं जे सांगायला मला अवघड जातं. मला त्या माणसाची सोबत वाटायला लागली होती. जगात कुठेतरी एक जीव होता ज्याच्या बरं असण्याशी माझा संबंध होता, ज्याच्यासाठी मी वेळेवर जेवत होतो, तारीख लक्षात ठेवून तपासायला जात होतो. आई गेल्यापासून असं कुणी नव्हतं. शनिवार-रविवार आता मोकळे जात नव्हते.

प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर समाधान बसतो, मांजरी गावचा, शेतीचे प्लॉट झाले तसा नोकरीला लागलेला, मनानं सरळ माणूस. डबा खाताना त्यानं एकदा विचारलं, ‘साहेब, घरी कुणी आजारी हाय का? तुमचं चित्त नाय.’ मी म्हणालो, आहे एकजण. कोण, तर लांबचं आहे. त्यानं पुढे खोदून विचारलं नाही, पण त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी न चुकता विचारायचा, तुमच्या पेशंटचं कसं हाय? आणि मी सांगायचो, सुधारतंय. हळूहळू मी जास्तही सांगायला लागलो. जेवण जातंय, काल थोडं चाललं म्हणे. त्याच्या बायकोनं एकदा नाचणीचं सत्त्व करून दिलं, अशक्तपणाला चांगलं असतं म्हणून. मी ते घरी नेऊन स्वतः प्यायलो. खोटं बोलत होतो हे कळत होतं, पण ते बोलताना छातीत जे ऊबदार वाटायचं ते खोटं नव्हतं. सहा आठवड्यांची तपासणी चांगली आली तेव्हा मी समाधानसाठी पेढे नेले. त्यानं एक खाल्ला आणि एक, तुमच्या पेशंटच्या नावानं म्हणत, खिडकीतल्या गणपतीपुढे ठेवला.

मेच्या शेवटी तिसरी तपासणी झाली. निकालाच्या दिवशी निघताना मी नवा शर्ट घातला. समाधानला फोन करून सांगितलं की आज दवाखान्यात जातोय, सगळं बरं आहे. डॉक्टर परचुरेंनी मला पाहून चष्मा डोळ्यांवर घेतला, कागद माझ्या बाजूला फिरवला आणि म्हणाल्या, निगेटिव्ह. आता संपलं, यापुढे काळजीचं कारण नाही, आणि यापुढे फॉर्म नीट वाचत चला. ज्या शब्दासाठी मी शंभर दिवस थांबलो होतो तो ऐकला आणि मला काहीच झालं नाही. मी विचारलं, ‘‘त्यांनाही कळवाल ना लगेच? त्यांच्या जिवाला घोर असेल.’’

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. ‘‘गद्रे, ते त्याच आठवड्यात गेले. शुक्रवारी. कॅन्सर होता, शेवटचे दिवस होते. तुमच्या रक्ताचा त्यात काही संबंध नाही.’’

‘‘मला सांगितलं नाहीत.’’

‘‘आजही सांगायला नको होतं. पण त्यांना घोर असेल म्हणालात म्हणून सांगितलं.’’ मग त्या म्हणाल्या, ‘‘तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही तपासायला परत आला असतात?’’

मी आलो असतो, असं मला म्हणायचं होतं, पण छातीवर हात ठेवून म्हणता येईना. ‘ते’ म्हणाल्या, म्हणजे कुणी मोठं माणूस होतं. एवढंच मला कळलं, तेही त्यांच्या नकळत. मंगळवारी मी या खुर्चीत बसून जीभ दाखवत होतो तेव्हा ते होते. मी स्वारगेटला लोकांच्या हातावरचा कापूस बघत फिरत होतो तेव्हा नव्हते. जेवण जातंय असं मी समाधानला सांगत होतो तेव्हा नव्हते, आणि आज सकाळी मी नवा शर्ट घालत होतो तेव्हाही नव्हते. शंभर दिवस मी ज्याच्याशी बोलत होतो तिथे कुणी नव्हतंच. डॉक्टरांनी पाणी पुढे केलं. मी ते प्यायलो, कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्यांना नमस्कार करून बाहेर पडलो. उन्हात रस्ता पांढरा झाला होता. सुटल्याचा आनंद व्हायला हवा, असं मी दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. बसमध्ये जागा होती तरी मी उभाच राहिलो, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते घाम पुसतोय असं दाखवून पुसत राहिलो.

घराचं कुलूप उघडून मी आत आलो आणि चपला काढून तसाच उभा राहिलो, कशालाही हात न लावता. आमच्याकडे कुणी गेल्याची बातमी कळली की घरात शिवाशिव करायच्या आधी अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून आंघोळ करतात, आणि पहिला तांब्या गेलेल्याचं नाव घेऊन ओततात. माणूस कधी गेलं याला महत्त्व नसतं, कळलं कधी याला असतं. ही आंघोळ नात्यातल्यांनी करायची असते, आणि मी त्यांचा कोण होतो हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी नव्या शर्टासकट न्हाणीघरात गेलो. टाकीतलं पाणी उन्हानं कोमट झालं होतं. बादली भरली, पाटावर बसलो, पहिला तांब्या डोक्यावर उपडा केला आणि पाण्यात नाव घ्यायला तोंड उघडलं, तर मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.